एडीएचडी असलेला विद्यार्थी: पालक आणि शिक्षकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एडीएचडी म्हणजे नेमके काय?

अटेन्शन डेफिसिट हायपरॅक्टिव्हिटी डिसऑर्डर, म्हणजे लक्ष टिकवण्यातील उणीव आणि अतिचंचलता, ही मेंदूच्या विकासाशी निगडित अवस्था आहे. लक्ष टिकवणे, आवेग आवरणे, वेळेचा अंदाज घेणे आणि हाती घेतलेले काम क्रमाने पुरे करणे ही कौशल्ये बहुतेक मुलांमध्ये वयाबरोबर आपसूक वाढत जातात. या मुलांमध्ये ती उशिरा आणि असमान गतीने वाढतात. बुद्धिमत्तेशी याचा थेट संबंध नाही. वर्गातले अतिशय हुशार मूल आणि अभ्यासात मागे असलेले मूल, दोघांनाही एडीएचडी असू शकतो. जगभरातील शालेय वयाच्या सुमारे ५ टक्के मुलांमध्ये तो आढळतो, त्यामुळे ५० विद्यार्थ्यांच्या वर्गात असे दोन किंवा तीन विद्यार्थी असण्याची शक्यता शिक्षकांनी गृहीत धरावी.

ही आजकालची टूम आहे असा समज अनेकदा कानावर येतो. प्रत्यक्षात लंडनमधील बालरोगतज्ज्ञ जॉर्ज स्टिल यांनी १९०२ मध्येच आपल्या व्याख्यानांत अशा मुलांचे वर्णन केले होते. २००७ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या मेंदूच्या चित्रणावरील एका अभ्यासात मेंदूच्या बाह्य थराचा निम्मा भाग ज्या वयापर्यंत कमाल जाडीला पोहोचतो ते वय तपासले गेले. इतर मुलांमध्ये ते साधारण साडेसात वर्षे होते, तर एडीएचडी असलेल्या मुलांमध्ये साडेदहा. हा विलंब विशेषतः मेंदूच्या पुढच्या भागात, म्हणजे नियोजन आणि संयम यांच्याशी संबंधित भागात, ठळक होता. पाचवीतल्या मुलाकडून पाचवीच्या पुस्तकाची अपेक्षा जरूर करावी. मात्र दप्तर भरणे, रांगेत थांबणे, वेळेत वही पुरी करणे या बाबतीत ते दुसरी-तिसरीतल्या मुलासारखे वागत असेल, तर तेवढीच मदत त्याला लागणार हे मान्य करावे.

मोबाइलवर किंवा चित्र काढताना तो तासभर गुंग असतो. मग अभ्यासातच लक्ष का लागत नाही? हा आळस नव्हे का?

पालकांच्या मनात सर्वाधिक सल निर्माण करणारा हा प्रश्न आहे. एडीएचडीमध्ये लक्ष मुळीच नसते असे नाही. ते हवे तेथे वळवणे आणि हवा तितका वेळ तेथे ठेवणे कठीण जाते. मोबाइलवरील खेळात दर काही क्षणांनी नवे दृश्य, लगेच मिळणारे गुण आणि चूक झाल्यास ताबडतोब दुसरी संधी असते, म्हणजे लक्ष धरून ठेवण्याचे काम खेळच करत असतो. इतिहासाच्या स्वाध्यायात तसे काही नसते. त्याचे फळ मिळणार असते सहामाही परीक्षेत, आणि या मुलांसाठी सहामाही परीक्षा फार दूर असते.

काय करायला हवे हे या मुलाला बहुधा ठाऊक असते. विचारले तर वर्गाचे सगळे नियम ते नीट सांगेल. अडचण येते ती माहीत असलेली गोष्ट नेमक्या त्या क्षणी अमलात आणताना. म्हणूनच रात्री दिलेले लांबलचक व्याख्यान किंवा पालकसभेनंतरची कानउघाडणी दुसऱ्या दिवशी तिसऱ्या तासाला त्याच्या कामी येत नाही. मदत त्या तिसऱ्या तासालाच, त्या बाकापाशीच हवी. या पानावरील बहुतेक सूचनांमागे हाच एक विचार आहे.

लहान मुले चंचल असतातच. मग खोडकरपणा आणि एडीएचडी यांतला फरक कसा ओळखावा?

तज्ज्ञ एका-दोन प्रसंगांवरून निदान करत नाहीत. अमेरिकन सायकिअॅट्रिक असोसिएशनच्या २०१३ च्या निकषांनुसार लक्षणे किमान सहा महिने टिकलेली असावी लागतात, त्यांपैकी काही वयाच्या १२ वर्षांपूर्वी दिसलेली असावी लागतात, घर आणि शाळा अशा किमान दोन ठिकाणी ती आढळावी लागतात, आणि त्यांमुळे मुलाच्या अभ्यासात, मैत्रीत किंवा रोजच्या व्यवहारात खरा अडथळा यावा लागतो. लक्ष न टिकण्याची नऊ आणि अतिचंचलता-आवेगाची नऊ लक्षणे तेथे दिली आहेत. त्यांपैकी कोणत्याही एका गटातील किमान सहा असावी लागतात, तर १७ वर्षे व त्यावरील वयात पाच. काही मुलांमध्ये पहिला गट प्रबळ असतो, काहींमध्ये दुसरा, तर काहींमध्ये दोन्ही एकत्र दिसतात.

शिक्षकांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. वर्गातील वयाने सर्वांत लहान मुलांना एडीएचडीचे निदान मिळण्याचे प्रमाण मोठ्या मुलांपेक्षा अधिक असते, असे अनेक देशांतील अभ्यासांत दिसून आले आहे. दहा-अकरा महिन्यांचे अंतर पहिली-दुसरीत मोठे असते. म्हणून शंका येताच आधी मुलाची जन्मतारीख पाहावी आणि त्याची तुलना त्याच्याच वयाच्या मुलांशी करावी.

आमचे काही चुकले का? लाड, टीव्ही, साखर, नोकरी करणारी आई, यांमुळे असे होते का?

नाही. एडीएचडीमध्ये आनुवंशिकतेचा वाटा फार मोठा, जुळ्या मुलांवरील अभ्यासांनुसार ७० ते ८० टक्क्यांच्या आसपास आहे. अनेक जनुकांचा प्रत्येकी थोडा परिणाम मिळून तो घडतो. वेळेपूर्वी जन्म, जन्मावेळचे कमी वजन, गर्भारपणातील तंबाखूशी संपर्क आणि शिशाची विषबाधा यांच्याशीही त्याचा संबंध आढळतो. मुलाची तपासणी सुरू असताना वडिलांना किंवा आईला स्वतःचे बालपण आठवू लागते, हे आनुवंशिकतेमुळेच वारंवार घडते. साखरेने मुले अतिचंचल होतात हा समज नियंत्रित प्रयोगांत टिकला नाही. मोबाइलच्या अतिवापराने झोप बिघडते आणि असलेली लक्षणे वाढू शकतात, पण मोबाइल काढून घेतला की एडीएचडी जाईल अशी आशा बाळगू नये.

आईला दोष देण्याची आपल्या घरांतली सवय या बाबतीत फार नुकसान करते. सासर-माहेरच्या टोमण्यांच्या भीतीने कित्येक आया मुलाला तज्ज्ञांकडे नेणे वर्षानुवर्षे लांबणीवर टाकतात, आणि तेवढी वर्षे मूल ‘मठ्ठ’, ‘बेशिस्त’ अशी विशेषणे ऐकत वाढते.

मुलींमध्ये एडीएचडी असतो का?

असतो, आणि तो अधिक प्रमाणात नजरेआड राहतो. मुलींमध्ये लक्ष न टिकण्याची बाजू बहुधा अधिक प्रबळ असते. अशी मुलगी वर्गात गोंधळ घालत नाही. खिडकीबाहेर पाहत राहते, सूचना अर्धवट ऐकते, कंपास हरवते, पेपरात येत असलेला प्रश्न सोडून येते. ‘स्वभावाने शांत आहे, थोडी वेंधळी आहे’ असा शेरा प्रगतिपुस्तकात पडतो आणि विषय संपतो. काही मुली रात्री जागून आणि सतत धास्तावून ही उणीव भरून काढतात, त्यामुळे त्यांचे गुण आठवी-नववीपर्यंत चांगले राहतात, आणि अभ्यासाचा व्याप वाढताच अचानक घसरतात. शाळेने केवळ त्रास देणाऱ्या मुलांचीच नावे समुपदेशकाकडे पाठवली, तर या मुली कधीच पुढे येणार नाहीत.

निदान कोठे आणि कसे करून घ्यावे?

बालविकासतज्ज्ञ, बालमानसोपचारतज्ज्ञ किंवा मुलांबरोबर काम करणारे मानसोपचारतज्ज्ञ निदान करतात. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ त्यासाठी आवश्यक चाचण्या घेतात. रक्ताच्या एका चाचणीने किंवा मेंदूच्या स्कॅनने हे निदान होत नाही. पालकांशी सविस्तर बोलणे, पालक आणि शिक्षक यांनी भरलेल्या प्रश्नावल्या आणि मुलाचे निरीक्षण यांवर ते आधारलेले असते. त्यामुळे शिक्षकांनी प्रश्नावली घाईघाईत भरू नये. ‘लक्ष देत नाही’ यापेक्षा ‘फळ्यावरील सात ओळींपैकी दोन उतरवतो आणि मग पेन्सिल सोलत बसतो’ अशी नोंद तज्ज्ञांना कितीतरी अधिक उपयोगी पडते.

त्याआधी दृष्टी आणि श्रवण तपासून घ्यावे. रक्तक्षय, थायरॉइडचे विकार, नाकामागील वाढलेल्या अॅडिनॉइड ग्रंथींमुळे बिघडलेली झोप, काही क्षण भान हरपणारी अपस्माराची एक सौम्य वाटणारी जात, घरातील कलह किंवा नुकताच झालेला एखादा आघात यांमुळेही मूल हरवल्यासारखे वागू शकते. वाचन, लेखन किंवा गणितातील विशिष्ट अध्ययन अक्षमता एडीएचडीसोबत अनेकदा आढळते, म्हणून तिचीही तपासणी करून घ्यावी.

खासगी तपासणीचा खर्च परवडत नसेल, तर सरकारी मार्ग आहेत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये सुरू झाला. त्यात जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते, आणि तपासायच्या ३० स्थितींच्या यादीत एडीएचडीचा समावेश आहे. अंगणवाडी आणि सरकारी व अनुदानित शाळांमध्ये येणारे तपासणी पथक गरज भासल्यास मुलाला जिल्हा स्तरावरील शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवू शकते. पथक येण्याच्या दिवशी वर्गशिक्षकांनी अशा मुलांची नावे तयार ठेवली, तर पथकाच्या अल्प वेळेचा मोठा लाभ होईल. मोठ्या शहरांत महापालिकेच्या व शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांतील मानसोपचार विभागातही जाता येते. पहिले पाऊल कोणते टाकावे हेच उमगत नसेल, तर केंद्र सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्यविषयक दूरध्वनी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येते.

वर्गात पन्नास मुले आहेत. एकट्या मुलासाठी शिक्षकाने काय-काय करावे?

ही तक्रार खरी आहे, आणि ती उडवून लावणे अन्यायाचे ठरेल. मात्र पुढे दिलेल्या बहुतेक गोष्टींना वेगळा तास लागत नाही, आणि त्या वर्गातील इतर मुलांच्याही उपयोगी पडतात.

सुरुवात बसण्याच्या जागेपासून करावी. दार, खिडकी आणि पंख्याचा आवाज यांपासून दूर, शिक्षकाच्या हाताच्या अंतरावर, शांत स्वभावाच्या मुलाशेजारी ही जागा उत्तम. सर्वांपासून वेगळा एकच बाक टाकून त्यावर बसवू नये. ती मदत राहत नाही, ती शिक्षा होते, आणि वर्गातील प्रत्येक मुलाला ती कळते.

सूचना देण्यापूर्वी मुलाचे नाव घ्यावे किंवा बाकावर हलकेच बोट टेकवावे, आणि नजर वर आली की एका वेळी एकच सूचना द्यावी. ‘पुस्तके आत ठेवा, वही काढा, तारीख घाला आणि तिसरे उदाहरण सोडवा’ या वाक्यातील शेवटचा भागच बहुधा या मुलापर्यंत पोहोचतो. याच पायऱ्या फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवल्या तर हरवलेले मूल स्वतःहून परत वाटेवर येऊ शकते. बारा गणिते एकदम देण्याऐवजी चार द्यावीत, ती पाहून सही करावी, मग पुढची चार द्यावीत. सही घेण्यासाठी उठून येणे हीच त्याच्या पायांना हवी असलेली विश्रांती ठरते. वह्या वाटणे, फळा पुसणे, कार्यालयातून खडू आणणे ही कामे अशा मुलाकडे मुद्दाम सोपवावीत. अस्वस्थता अनावर होण्याआधीच दिलेली हालचाल गोंधळानंतरच्या रागावण्यापेक्षा केव्हाही बरी. लिहिताना पाय हलत असतील आणि त्याचा कोणाला त्रास होत नसेल, तर ते हलू द्यावेत.

कौतुक ताबडतोब आणि नेमके असावे. ‘शाब्बास’ यापेक्षा ‘आज हात वर करून थांबलास, ते मला आवडले’ हे वाक्य मुलाला पुढच्या वेळी काय करायचे ते सांगते. टोकण्याची वेळ आलीच तर ती खूण दोघांतच ठरलेली असावी, उदाहरणार्थ शिक्षकाने टेबलावर डस्टर आडवे ठेवणे, म्हणजे सगळ्यांसमोर नाव घेऊन पाणउतारा होत नाही.

आणखी एक साधन अभ्यासांतून परिणामकारक ठरलेले आहे, ते म्हणजे दैनिक नोंदपत्रक. रोजनिशीच्या पानावर दोन किंवा तीनच उद्दिष्टे लिहावीत, जसे की ‘तास सुरू होताच वही काढली’, ‘बोलण्याआधी हात वर केला’, आणि प्रत्येक तासाला शिक्षकाने फक्त खूण करावी. घरी त्या खुणांच्या संख्येनुसार छोटे बक्षीस मिळावे: जास्तीची गोष्ट, बाबांबरोबर क्रिकेट, आवडीची भाजी. पहिल्या आठवड्यातील उद्दिष्टे मुलाला बहुतेक दिवस साधतील इतकी सोपी ठेवावीत. जे मूल आजवर फक्त लाल शेरे घरी नेत आले आहे, त्याने आधी जिंकणे गरजेचे आहे. दोन-तीन आठवड्यांत बक्षिसाचा कंटाळा येतो. तेव्हा पद्धत फसली असे समजू नये, बक्षीस बदलावे.

पाचवीपासून पुढे प्रत्येक विषयाला वेगळे शिक्षक असतात, आणि येथे सगळी मेहनत विस्कटते. वर्गशिक्षकांनी एका पानावर ‘या विद्यार्थ्याला काय उपयोगी पडते’ हे लिहून ते पालकांच्या संमतीने सर्व विषयशिक्षकांना, आणि वर्षअखेरीस पुढच्या वर्गाच्या शिक्षकांना द्यावे. दर जूनमध्ये शून्यापासून सुरुवात करणे त्या मुलाला परवडणारे नसते.

शिक्षा केल्याशिवाय शिस्त कशी लागेल?

शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ नुसार मनाई आहे, त्यामुळे छडीचा प्रश्न उरत नाही. पण मधली सुट्टी किंवा खेळाचा तास काढून घेणे ही शिक्षा आजही सर्रास दिली जाते, आणि एडीएचडी असलेल्या मुलासाठी ती विशेष अपायकारक आहे, कारण ज्याच्या शरीराला हालचालीची सर्वाधिक गरज आहे त्याचीच हालचाल थांबवली जाते. नियम या मुलांनाही हवेत. ते थोडे असावेत, डोळ्यांसमोर लिहिलेले असावेत, आणि ते मोडल्याचा परिणाम लहान पण तत्काळ असावा: सांडलेले पाणी पुसणे, हिसकावलेली पेन्सिल परत करून माफी मागणे. शुक्रवारच्या चुकीसाठी सोमवारी मुख्याध्यापकांसमोर उभे करण्याने अपमान तेवढा लक्षात राहतो.

घरी गृहपाठावरून रोज रडारड होते. काय करावे?

शाळेतून आल्यावर खाणे आणि अर्धा-पाऊण तास मैदानावरचा खेळ आधी, मगच अभ्यास. अभ्यासाची जागा आणि वेळ ठरलेली असावी, समोर घड्याळ असावे. पंधरा-वीस मिनिटे काम आणि पाच मिनिटे उठण्याची मोकळीक हा क्रम प्राथमिक वर्गांतील मुलांना झेपतो. मोठ्यांपैकी कोणीतरी जवळ बसावे, मात्र त्याने मोबाइल पाहत बसू नये. दप्तर रात्रीच, यादी पाहून, मुलानेच भरावे. यादी दाराच्या आतल्या बाजूला चिकटवावी.

दोन तास झटूनही गृहपाठ संपत नसेल, तर तेथेच थांबून वहीत ‘एवढ्या वेळात एवढे झाले’ असे लिहून सही करावी आणि शिक्षकांशी बोलून गृहपाठाचे प्रमाण कमी करून घ्यावे. समान नमुन्याची पाच उदाहरणे बरोबर सोडवणाऱ्या मुलाने उरलेली दहा सोडवली नाहीत तर त्याचे गणित कच्चे राहत नाही. आई-मुलाचे नाते मात्र रोजच्या त्या दोन तासांत खरोखर झिजत जाते.

औषधे द्यावीत का? त्यांची सवय लागते का?

हा निर्णय डॉक्टर आणि पालकांचा आहे. शिक्षकांनी औषध सुचवूही नये आणि बंद करण्याचा सल्लाही देऊ नये. सहा वर्षांखालील मुलांसाठी पालकांचे वर्तन-प्रशिक्षण हाच पहिला उपाय मानला जातो. त्यापुढील वयात, लक्षणे मध्यम किंवा तीव्र असतील तर, मिथाइलफेनिडेट हे औषध अधिक वापरले जाते. ते गुंगी आणत नाही. मेंदूतील डोपामिन आणि नॉरअॅड्रेनॅलिन या संदेशवाहक रसायनांची उपलब्धता वाढवून लक्ष टिकवायला मदत करते. कमी मुदतीच्या गोळीचा परिणाम साधारण चार तास राहतो. भूक मंदावणे, झोप उशिरा लागणे, डोके किंवा पोट दुखणे हे दुष्परिणाम दिसू शकतात, म्हणून उंची, वजन, नाडी आणि रक्तदाब यांची नियमित नोंद ठेवली जाते. डॉक्टरांच्या देखरेखीखाली, ठरलेल्या मात्रेत घेतल्यास मुलांना व्यसन लागते असा अनुभव नाही. मात्र हे औषध अमली पदार्थविषयक कायद्याच्या नियंत्रणाखाली येते, त्यामुळे ते सर्व दुकानांत मिळत नाही आणि चिठ्ठी लागते; तालुक्याच्या गावातील पालकांनी पुढच्या महिन्याची सोय आधीच करावी. अॅटोमॉक्सेटिन हा दुसरा पर्याय आहे, त्याचा पूर्ण परिणाम दिसायला काही आठवडे जातात.

औषधाने मूल अधिक वेळ बसू शकेल, पण न शिकलेला भागाकार किंवा दप्तर लावण्याची पद्धत गोळीतून येत नाही. वर्गातील आणि घरातील मदत त्यासोबत चालूच राहिली पाहिजे.

दहावी-बारावीच्या परीक्षेत सवलत मिळते का?

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये दिव्यांगत्वाचे २१ प्रकार दिले आहेत. त्यांत विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे, स्वमग्नता आहे, परंतु एडीएचडीचा स्वतंत्र उल्लेख नाही. ज्या मुलाला एडीएचडीबरोबर अध्ययन अक्षमताही आहे त्याला तिच्या प्रमाणपत्राच्या आधारे मंडळाच्या सवलती, उदाहरणार्थ वाढीव वेळ किंवा लेखनिक, मागता येतात. केंद्र सरकारच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत वाढीव वेळ तासाला किमान २० मिनिटे सांगितला आहे. केवळ एडीएचडी असलेल्या मुलांची यात कुचंबणा होते, आणि हे बदलायला हवे असे आमचे स्पष्ट मत आहे. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या खटल्यात, ठरावीक टक्क्यांचे दिव्यांगत्व नसले तरी परीक्षार्थीला वाजवी सोय नाकारता येणार नाही, असे तत्त्व मांडले. त्या खटल्यातील उमेदवाराची अडचण वेगळी, लेखनाशी संबंधित होती. तरीही मंडळाकडे किंवा शाळेकडे अर्ज करताना या निकालाचा आधार घेता येईल.

प्रमाणपत्रासाठी शासकीय किंवा महापालिका रुग्णालयांत अनेक फेऱ्या घालाव्या लागतात. मुंबईत शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयासारख्या ठिकाणी गर्दी मोठी असते. म्हणून दहावीचा अर्ज भरण्याची वाट न पाहता आठवीतच सुरुवात करावी. शाळेच्या घटक चाचण्यांमध्ये मात्र वेगळी शांत जागा, मध्ये पाच मिनिटांचा विसावा, प्रश्न वाचून दाखवणे अशा सोयी मुख्याध्यापक स्वतःच्या अखत्यारीत देऊ शकतात, आणि त्या द्याव्यात.

मुलाला आणि वर्गातील इतर मुलांना हे सांगावे का?

मुलाला सांगावे, त्याच्या वयाला कळेल अशा शब्दांत. न सांगितल्यास ते स्वतःच कारण शोधते, आणि ते कारण बहुधा ‘मी वाईट आहे’ हेच असते. वर्गाला मात्र पालकांच्या व मुलाच्या संमतीशिवाय काहीही सांगू नये. ‘प्रत्येकाला शिकताना वेगळी मदत लागते’ एवढे सर्वांना समजले तरी पुरते. एकाला चष्मा लागतो तसा दुसऱ्याला वेळेची आठवण लागते.

मोठेपणी हे आपोआप बरे होते का?

धावपळ आणि उड्या वयाबरोबर पुष्कळ कमी होतात. लक्ष, नियोजन आणि वेळ यांच्या अडचणी मात्र अनेकांमध्ये प्रौढपणीही राहतात, फक्त त्यांचे रूप बदलते: विसरलेली बिले, शेवटच्या रात्रीपर्यंत लांबलेले प्रकल्प, आवेगात सोडलेली नोकरी. उपचार आणि आधार न मिळाल्यास शाळा मध्येच सुटणे, अपघात, व्यसन आणि नैराश्य यांचा धोका वाढतो. याउलट, स्वतःच्या कामाचे तुकडे पाडायला, घड्याळ आणि यादी यांवर विसंबायला आणि मदत मागायला शिकलेली मुले अकरावी, महाविद्यालय, आयटीआय अशा टप्प्यांवर ही साधने स्वतःबरोबर नेतात. दहावीनंतर शाखा निवडताना केवळ गुणांकडे न पाहता कोणत्या कामात हे मूल तासभर टिकते तेही पाहावे, आणि नव्या महाविद्यालयात प्रवेश घेताच जुन्या अहवालांची प्रत तेथील समुपदेशन कक्षात नेऊन द्यावी.